शिरोलीच्या कारखानदाराने प्रवासासाठी कोणते बिझनेस क्रेडिट कार्ड घ्यावे?

प्रश्न थोडक्यात असा आहे. कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत एक छोटी फाउंड्री आहे. मालकी एकाची, म्हणजे प्रोप्रायटरशिप, उलाढाल चार कोटींच्या घरात आणि जीएसटी नोंदणी फक्त महाराष्ट्रात. मालक महिन्यातून एक-दोनदा कोइमतूर, राजकोट किंवा पुण्याला जातात, जानेवारीत बंगळुरूच्या आयमटेक्स प्रदर्शनाला आणि वर्षातून एकदा जर्मनीतल्या ग्राहकाकडे. त्यांचे दोन विक्री अभियंतेही कामासाठी फिरतात. बँकेच्या माणसाने त्यांना १०,००० रुपये वार्षिक फीचे धातूचे कार्ड सुचवले आहे. ‘वर्षाला एवढा खर्च कार्डावर फिरवला तर तिकिटे फुकटच पडतील’ असे तो म्हणतो. हे कार्ड घ्यावे का, की दुसरे एखादे बरे, असे त्यांनी विचारले आहे.

मी बावीस वर्षे कोल्हापूर-इचलकरंजी भागातल्या लघुउद्योगांचे हिशेब आणि कर पाहतो. तुमच्यासारख्या कारखान्याला पहिल्या वर्षी १०,००० फीचे कार्ड घेऊ नका असे मी सांगेन. फर्मच्या नावाचे कमी फीचे बिझनेस कार्ड घ्या, त्यावर जीएसटी क्रमांक नोंदवा आणि परदेशासाठी कमी मार्कअपचे, म्हणजे परदेशी चलनातल्या खर्चावर बँक लावते ते जादा शुल्क कमी असलेले, वेगळे कार्ड ठेवा. मोठे कार्ड वाईट असते असे माझे म्हणणे नाही. पण त्याचा फायदा ज्या सवयींवर अवलंबून आहे त्या तुम्हाला आहेत की नाहीत, हे आज तुम्हालाही माहीत नाही. हे मी कशावरून म्हणतो ते सविस्तर सांगतो, कारण आकडे तुमचे तुम्हीच तपासायला हवेत.

आधी टॅली उघडा. गेल्या बारा महिन्यांचा खर्च काढा आणि प्रत्येक खात्यासमोर दोन गोष्टी लिहा: समोरचा माणूस कार्ड घेतो का, आणि घेत असेल तर बँक त्या खर्चावर पॉइंट देते का. बँकेचा माणूस कारखान्याच्या वर्षाच्या साडेतीन कोटींच्या खर्चाकडे बघून बोलतो. पण त्यातला पिग आयर्न आणि स्क्रॅपचा व्यापारी आरटीजीएसशिवाय बोलत नाही, आणि कार्ड घेतलेच तर दोन टक्के दरात चढवतो. पगार बँकेतून जातात. ट्रकवाल्याला कार्ड नको असते. इंडक्शन भट्टीचे महावितरणचे बिल लाखांत असते. ते कार्डाने भरता येते, पण वीजबिलावरच्या पॉइंटना बहुतेक बँकांनी मर्यादा घातल्या आहेत आणि अनेक बँका ठरावीक रकमेपुढे एक टक्का शुल्कही लावतात. जीएसटी पोर्टलवर कार्डाने कर भरायची सोय आहे, मात्र त्याचे शुल्क भरणाऱ्याकडून घेतले जाते. काही बिझनेस कार्डे कर भरण्यावर जादा पॉइंट देतात, तिथे शुल्क वजा करून काय उरते ते बघा. माझ्या पाहण्यात बहुतेक वेळा फारसे काही उरत नाही. डिझेलवर सरचार्ज माफ होतो, पॉइंट सहसा मिळत नाहीत.

‘स्क्रॅपवाल्याला अ‍ॅपमधून कार्डाने पैसे पाठवता येतात’ असे कुणी सांगितले तर सावध व्हा. अशा व्यवस्थेत मधली कंपनी तुमच्या कार्डावरून पैसे घ्यायची आणि कार्ड न घेणाऱ्या व्यापाऱ्याच्या खात्यात आयएमपीएस किंवा आरटीजीएसने टाकायची. रिझर्व्ह बँकेने १५ फेब्रुवारी २०२४ रोजी स्पष्ट केले की हा प्रकार म्हणजे वेगळी पेमेंट सिस्टीमच आहे, तिला २००७च्या कायद्याखाली परवानगी लागते आणि ती घेतलेली नाही. तसे व्यवहार थांबवायला सांगितले गेले. बिझनेस कार्डाच्या नेहमीच्या वापरावर बंधन नाही, हेही त्याच वेळी सांगितले होते. ओळखीच्या दुकानदाराच्या मशीनवर कार्ड घासून रोख घ्यायची जी फिरवाफिरवी चालते, तिच्याकडे तर बघूही नका. बिझनेस कार्डाचा पैसा कशासाठी वापरला जातो यावर लक्ष ठेवणे बँकेला बंधनकारक आहे, आणि बिलाशिवायची उलाढाल जीएसटीत विचारली गेली की उत्तर देता येत नाही.

ही गाळणी लावली की साडेतीन कोटींचे किती उरतात? तुमच्या आकाराच्या माझ्या एका अशिलाचे आकडे ढोबळ करून देतो. विमानतिकिटे २,६०,०००. हॉटेल १,७०,०००. रेल्वे आणि टॅक्सी ५०,०००. जर्मनीत प्रत्यक्ष कार्डावर झालेला खर्च २,२०,०००. कुरियर, सॉफ्टवेअर, इंटरनेट आणि ऑनलाइन घेतलेली हत्यारे २,००,०००. सगळे मिळून नऊ लाख. साडेतीन कोटींतून नऊ लाख! कार्डाची निवड या नऊ लाखांवर करायची असते.

आता दोन काल्पनिक कार्डे समोरासमोर ठेवू. पहिल्याची फी १०,०००, दर १५० रुपयांना ५ पॉइंट, परदेशी चलनावर मार्कअप २ टक्के. एक पॉइंट बँकेच्या स्वतःच्या प्रवास पोर्टलवर वापरला तर १ रुपया, बिलातून वजा करायला लावला तर ३० पैसे. दुसऱ्याची फी १,०००, ती दीड लाखाच्या खर्चावर माफ, परतावा सरळ १ टक्का, मार्कअप ३.५ टक्के. बाजारातली कार्डे साधारण याच दोन घराण्यांतली असतात.

पहिल्या कार्डावर नऊ लाखांचे ३०,००० पॉइंट होतात. सगळे पोर्टलवर वापरले तर ३०,००० रुपये. फी आणि त्यावरचा १८ टक्के जीएसटी धरून ११,८०० गेले. जर्मनीतल्या खर्चावर मार्कअप जीएसटीसह २.३६ टक्के, म्हणजे ५,१९२ गेले. हातात १३,००८ राहिले. पण पोर्टलवर वेळ मिळाला नाही, मुदत संपत आली म्हणून पॉइंट बिलातच वळते केले, तर ३०,००० पॉइंटचे ९,००० रुपये होतात आणि वर्षाअखेरीस तुम्ही ७,९९२ रुपयांनी खड्ड्यात जाता. तेच कार्ड, तोच खर्च. एकाच कार्डाच्या दोन टोकांतले अंतर एकवीस हजार रुपये, आणि ते ठरते तुम्ही पॉइंट कसे वापरता यावर.

दुसऱ्या कार्डावर सगळे नऊ लाख घातले तर ९,००० मिळतात, पण ४.१३ टक्के मार्कअपमध्ये ९,०८६ जातात, म्हणजे शून्य. तेच देशातला ६,८०,०००चा खर्च या कार्डावर ठेवला आणि जर्मनीसाठी मार्कअप नसलेले बिनफीचे कार्ड वापरले तर निव्वळ ६,८०० हातात पडतात, आणि त्यासाठी वर्षभर काही आठवणीत ठेवावे लागत नाही. फी आणि मार्कअपवरचा जीएसटी तुम्हाला इनपुट क्रेडिट म्हणून, म्हणजे तुम्ही भरायच्या जीएसटीतून वजा होऊन, परत मिळाला तर महागडे कार्ड आणखी अडीच हजारांनी सुधारते. तरी शिस्तीत वापरलेले मोठे कार्ड आणि जर्मनीसाठी वेगळे कार्ड ठेवून वापरलेले छोटे कार्ड यांत फरक आहे नऊ हजारांच्या आतबाहेर.

आणि याहूनही मोठी एक गळती बहुतेक कारखान्यांत आधीपासून चालू असते. या उत्तरातून एकच गोष्ट लक्षात ठेवणार असाल तर ही ठेवा. विमानाच्या इकॉनॉमी तिकिटावर ५ टक्के जीएसटी असतो. बिझनेस क्लासवर पूर्वी १२ होता, २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ झाला. कामासाठीच्या प्रवासावरचा हा कर तुम्हाला इनपुट क्रेडिट म्हणून मिळतो, पण तिकीट काढताना तुमचा जीएसटी क्रमांक आणि फर्मचे नाव टाकलेले असले तरच. २,६०,०००च्या तिकिटांत हा कर बारा हजारांच्या आसपास भरतो. म्हणजे १०,००० फीचे कार्ड घेऊन, पोर्टलवर तासन्‌तास बसून, एकही पॉइंट वाया न घालवता जे १३,००० कमवायचे, जवळपास तेवढेच पैसे बुकिंगच्या वेळी एक रकाना भरून मिळतात. तोच रकाना रिकामा सोडला तर कार्डाची सगळी मेहनत त्यात बुडते.

माझ्याकडे एक पंप बनवणारे अशील आले होते. दोन वर्षे त्यांची तिकिटे कधी मुलाच्या मोबाइलवरून, कधी एजंटकडून, कधी कार्डाच्या पोर्टलवरून निघाली होती. जीएसटी क्रमांक जवळपास कुठेच नव्हता. पॉइंट मात्र त्यांना तोंडपाठ होते. एखाद्या आर्थिक वर्षाचे राहिलेले क्रेडिट पुढच्या ३० नोव्हेंबरपर्यंतच घेता येते, आणि वार्षिक विवरणपत्र त्याआधी भरले तर त्याच दिवसापर्यंत. ती तारीख उलटून गेली होती. विमान कंपन्यांना नव्याने बिल मागायचीही सोय उरली नव्हती. त्या दिवशी त्यांच्या चेहऱ्यावर जे दिसले ते मला अजून आठवते, म्हणून प्रवासाच्या कार्डाविषयी कुणीही विचारले की मी आधी त्यांची तिकिटे मागतो.

म्हणून बँकेला विचारायचा पहिला प्रश्न पॉइंटचा नाही. ‘तुमच्या पोर्टलवर काढलेल्या तिकिटाचे विमान कंपनीचे जीएसटी बिल माझ्या क्रमांकावर येते का?’ हा आहे. तोंडी ‘हो’ पुरत नाही. एक तिकीट काढून बघा आणि पुढच्या महिन्यात ते जीएसटीआर-२बी मध्ये, म्हणजे तुम्हाला मिळणारे क्रेडिट दाखवणाऱ्या जीएसटी पोर्टलवरच्या मासिक पत्रकात, उतरले का ते तपासा. नाही उतरले तर त्या पोर्टलवरचा प्रत्येक पॉइंट पाच टक्के कर गमावून घेतलेला आहे. कंपन्यांसाठीच्या बुकिंग सेवा, उदाहरणार्थ मेकमायट्रिपची मायबिझ, क्रमांक एकदा नोंदवला की प्रत्येक तिकिटावर आपोआप टाकतात. विमान कंपन्यांची लघुउद्योगांसाठीची वेगळी भाडीही असतात, त्यांत तारीख बदलण्याचे शुल्क कमी असते. तुमच्या धंद्यात ग्राहक आदल्या रात्री फोन करून भेट पुढे ढकलतो. मला विचाराल तर ही बदलाची सवलत विमानतळावरच्या लाउंजपेक्षा कितीतरी मोलाची.

हॉटेलचे गणित वेगळे आहे आणि तिथे बरेच जण गोंधळतात. हॉटेलच्या बाबतीत सेवा पुरवल्याची जागा म्हणजे हॉटेल जिथे उभे आहे ती जागा. कोइमतूरचे हॉटेल केंद्राचा आणि तामिळनाडूचा जीएसटी लावते. तुमची नोंदणी महाराष्ट्रात, म्हणून ते क्रेडिट तुम्हाला मिळत नाही, बिलावर क्रमांक असला तरी नाही. पुण्यातल्या किंवा मुंबईतल्या मुक्कामाचे मिळते. २२ सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर ५ टक्के कर आहे. तेव्हा परराज्यातल्या मुक्कामासाठी बँकेचे पोर्टल, पॉइंट, सवलत जे स्वस्त पडेल ते बिनधास्त वापरा, तिथे गमावण्यासारखे क्रेडिट नाही. फक्त बिल फर्मच्या नावाचे घ्या, कारण आयकरात खर्च दाखवायला ते लागतेच. जेवणाचे बिल वेगळे मागा, जेवणावरचे क्रेडिट तुम्हाला कुठेच मिळत नाही. याच हिशोबाने मी अशिलांना सांगतो की पॉइंट हॉटेलवर खर्च करा आणि विमानाचे तिकीट पैसे देऊन, जीएसटी बिल घेऊन काढा.

आयकराची आणखी एक बाब कार्डाच्या बाजूने आहे. एका दिवसात एका व्यक्तीला १०,००० रुपयांवर रोख दिले तर तो खर्च नामंजूर होतो. राजकोटला तीन रात्रींचे हॉटेलचे बिल रोखीने चुकते करायची सवय असेल तर ती मोडायला कार्ड हे चांगले निमित्त आहे.

आता व्याजाविषयी, आणि इथे मला कळकळीने सांगायचे आहे. तुमचे मोठे ग्राहक नव्वद दिवसांनी पैसे देतात. कार्ड फार तर ४५-५० दिवस थांबते. ही दोन चाके एका वेगाने फिरत नाहीत. कार्डाचे व्याज महिन्याला ३.५ ते ३.७५ टक्के, म्हणजे वर्षाला बेचाळीस ते पंचेचाळीस टक्के, आणि वर जीएसटी. पूर्वी ग्राहक आयोगाने तीस टक्क्यांची मर्यादा घातली होती, ती सर्वोच्च न्यायालयाने २० डिसेंबर २०२४ रोजी रद्द केली. दोन लाखांचे बिल एक महिना मागे राहिले तर ३.७५ टक्क्यांनी ७,५०० व्याज आणि १,३५० जीएसटी, एकूण ८,८५०. वर थकबाकी असताना केलेल्या नव्या खरेदीला बिनव्याजी मुदत मिळत नाही, म्हणजे पुढच्या महिन्याची तिकिटेही पहिल्या दिवसापासून व्याज खायला लागतात. एका महिन्याच्या चुकीने वर्षाचा फायदा जातो. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, ती ही.

म्हणून चालू खात्यातून पूर्ण रकमेचे ऑटो-डेबिट लावा. अर्जावर ‘किमान रक्कम’ आणि ‘पूर्ण रक्कम’ असे दोन पर्याय असतात आणि घाईत पहिल्यावर खूण होते. ती स्वतः तपासा. एखाद्या महिन्यात पैसे अडकले तर कॅश क्रेडिटमधून कार्डाचे बिल भरा. सीसीचे व्याज कार्डाच्या पाव हिश्शाच्या आसपास असते. सीसी पूर्ण भरलेली असेल तर त्या महिन्यात कार्ड कपाटात ठेवा. कार्डावरून एटीएममधून रोख काढू नका, त्यावर शुल्कही आहे आणि व्याजही त्याच दिवसापासून.

कार्ड कुणाच्या नावावर, हा प्रश्न तुम्ही विचारला नाही, पण तो महत्त्वाचा आहे. प्रोप्रायटरशिपमध्ये तुमचे आणि फर्मचे पॅन एकच. वर्षात कार्डाची १० लाख किंवा त्याहून जास्त बिले भरली, किंवा एक लाख वा त्याहून जास्त रोखीने भरली, तर बँक ती आयकर खात्याला कळवते आणि तुमच्या वार्षिक माहिती पत्रकात, म्हणजे एआयएसमध्ये ती दिसतात. त्यात गैर काही नाही. फक्त घरचा आणि कारखान्याचा खर्च एकाच कार्डावर मिसळलेला असेल तर प्रत्येक ओळीचा खुलासा करत बसावे लागते. ‘माझे जुने वैयक्तिक कार्ड आहे, त्यावर चांगले पॉइंट मिळतात, तेच वापरतो’ असे बरेच जण म्हणतात. बहुतेक वैयक्तिक कार्डांच्या अटींत व्यापारी वापराला मनाई असते, आणि बँकेला संशय आला तर पॉइंट रोखले जातात. शिवाय वैयक्तिक कार्डाच्या फीवरचे जीएसटी क्रेडिट मागताना अडचण येते. पुढे फर्मची प्रायव्हेट लिमिटेड केली तर नवे कार्ड कंपनीच्या नावाने घ्या आणि कराराच्या वेळी जबाबदारी कंपनीची की संचालकाची हे लेखी विचारून घ्या. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार बँकेने ते स्पष्ट करायला हवे. आज मात्र या कार्डाचा प्रत्येक उशीर तुमच्या स्वतःच्या सिबिलवर उमटेल, आणि पुढच्या भट्टीचे कर्ज त्याच सिबिलवर ठरेल.

उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म उद्योगांसाठी २०२५च्या अर्थसंकल्पात पाच लाख मर्यादेची खास क्रेडिट कार्डे जाहीर झाली होती. त्याविषयीही मला विचारणा होते. ती खेळत्या भांडवलासाठी आहेत, प्रवासाच्या पॉइंटसाठी नव्हेत. दोन्हींची गल्लत करू नका.

जर्मनीकडे वळतो. निघण्याआधी कार्डाच्या अ‍ॅपमध्ये परदेशी व्यवहार चालू करा. २०२० पासून नव्या कार्डावर ते मुळात बंदच येतात. मर्यादा किती ते बघा, कारण हॉटेल आगमनाच्या वेळी काही रक्कम राखून ठेवते आणि तेवढी मर्यादा अडकते. हॉटेलात किंवा दुकानात मशीन ‘रुपयांत की युरोत?’ असे विचारते. नेहमी युरो निवडा. रुपये ओळखीचे वाटतात म्हणून बोट तिकडे जाते, पण तो दर दुकानाच्या बाजूचा असतो, आणि अशा व्यवहारावर आपल्याकडच्या अनेक बँका वरून एक टक्का शुल्क घेतात. मग बिनमार्कअपचे कार्ड घेऊनही उपयोग नाही. पिन पाठ ठेवा आणि खिशात थोडे युरो असू द्या, लहान गावातल्या उपाहारगृहांत आपले कार्ड चालेलच असे नाही. परदेशात असताना क्रेडिट कार्डावर केलेला खर्च उदारीकृत रेमिटन्स योजनेत, म्हणजे परदेशी पैसे पाठवण्याच्या वार्षिक मर्यादेत, धरायचा निर्णय २०२३च्या मे महिन्यात झाला होता, पण २८ जून २०२३ रोजी तो पुढे ढकलला गेला. त्यामुळे त्यावर टीसीएस, म्हणजे आगाऊ वसूल होणारा आयकर, कापला जात नाही.

‘माइल्स’ या शब्दावर बँकेच्या माणसाने भर दिला असेल. पॉइंट विमान कंपनीच्या योजनेत वळवले की काही वेळा त्यांची किंमत दुपटीने वाढते, हे खरे आहे. एअर इंडिया २०१४ पासून स्टार अलायन्स या विमान कंपन्यांच्या गटात आहे, त्यामुळे तिचे माइल्स लुफ्तान्साच्या विमानावरही चालू शकतात आणि फ्रँकफुर्टला जाणाऱ्याला ते सोयीचे वाटते. पण एकदा वळवलेले पॉइंट परत येत नाहीत, आणि हव्या त्या तारखेला माइल्सवरची जागा असतेच असे नाही. प्रदर्शनाच्या आठवड्यात तर ती मिळणे फार कठीण. ड्युसेलडॉर्फचे गिफा हे फाउंड्रीचे सर्वांत मोठे प्रदर्शन चार वर्षांतून एकदा भरते. २०२३ नंतर आता २०२७मध्ये आहे, आणि तेव्हा जगभरातले फाउंड्रीवाले त्याच चार-पाच दिवसांत उतरणार. जागा पडद्यावर दिसल्याशिवाय पॉइंट वळवू नका.

एकाच विमान कंपनीच्या नावाचे कार्ड तुमच्यासारख्याने घेऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे. कंपन्यांचे भवितव्य आपल्या हातात नसते. जेट एअरवेजची उड्डाणे १७ एप्रिल २०१९ रोजी थांबली. गो फर्स्टची ३ मे २०२३ रोजी. विस्तारा १२ नोव्हेंबर २०२४ रोजी एअर इंडियात विलीन झाली. विस्ताराचे पॉइंट नव्या योजनेत आले, पण त्या नावाच्या कार्डांचा आधार गेला. शिवाय कोल्हापूरच्या विमानतळावरून कोणती कंपनी कुठे उडते हे दर हंगामाला बदलते. कधी तुम्ही बेळगावहून निघता, कधी पुण्याहून, कधी गोव्याच्या मोपाहून. एका कंपनीला बांधून घेण्यात अर्थ नाही.

लाउंजबद्दल दोनच वाक्ये. आता बहुतेक कार्डांवर मागच्या तिमाहीत ठरावीक खर्च केला असेल तरच लाउंज मिळते, त्यामुळे ‘फुकट’ या शब्दाला ती अट जोडून वाचा. दोन तासांच्या नाश्त्यासाठी १०,००० फी देऊ नका.

तुमचे दोन विक्री अभियंतेही फिरतात असे तुम्ही लिहिले आहे. त्यांना स्वतंत्र अ‍ॅड-ऑन कार्ड द्या, प्रत्येकावर महिन्याची मर्यादा घाला. एक कार्ड तिघांत फिरवले की ओटीपी तुमच्या मोबाइलवर येतो आणि तुम्ही भट्टीपाशी असता. हरवले तर कुणाच्या हातून, तेही कळत नाही. टॅप करून ५,००० रुपयांपर्यंत पिनशिवाय पैसे जातात, म्हणून त्यांच्या कार्डांवर टॅपची मर्यादा कमी करून ठेवा. परत आल्यावर आठ दिवसांत बिले जमा करायची आणि प्रत्येकावर कामाचे कारण लिहायचे, हा नियम पहिल्या महिन्यापासून पाळा. कर्मचाऱ्याने कामाव्यतिरिक्त काही खर्च केला आणि फर्मने तो भरला तर तो त्याच्या पगारातला लाभ धरला जातो, आणि तो कामाचाच होता हे दाखवायला तारीख आणि कारण यांची नोंद लागते. रुपे नेटवर्कचे बिझनेस कार्ड मिळाले तर ते यूपीआयला जोडता येते. राजकोटच्या रिक्षापासून कोइमतूरच्या मेसपर्यंत जिथे दुकानदाराचा क्यूआर आहे तिथे ते चालते, आणि किरकोळ खर्चाचीही नोंद राहते. डायनर्स आणि अमेरिकन एक्सप्रेस छोट्या गावांत अनेकदा नाकारली जातात, हे तुमच्या मार्गावरच्या हॉटेलांना विचारून घ्या.

सही करण्याआधी बँकेकडून महत्त्वाच्या अटींचे पत्रक मागा. त्यात चार गोष्टी शोधा: कोणत्या खर्चावर पॉइंट नाहीत, महिन्याला जास्तीत जास्त किती पॉइंट, पॉइंट कधी बाद होतात, आणि पोर्टलवर बिलाचा किती टक्के भाग पॉइंटने भरता येतो. शेवटची अट बरेच जण वाचत नाहीत. सत्तर टक्केच भरता येत असेल तर ३०,००० पॉइंट वापरायला तुम्हाला जवळपास ४३,०००चे बुकिंग करावे लागेल. कार्ड पटले नाही तर बंद करायला घाबरू नका. बाकी काही येणे नसेल तर अर्जानंतर सात कामकाजाच्या दिवसांत बँकेने ते बंद करायचे असते, नाहीतर उशिराच्या प्रत्येक दिवसाला बँकेने तुम्हाला ५०० रुपये द्यायचे असतात. देय तारीख उलटून तीन दिवस होईपर्यंत बँकेला उशिराचे शुल्क लावता येत नाही. आणि बिलाची तारीख बदलून मागायचा तुम्हाला हक्क आहे. तुमच्या मोठ्या ग्राहकाचे पैसे महिन्याच्या ज्या आठवड्यात येतात, त्याच्या पुढच्या आठवड्यात देय तारीख येईल अशी ती लावून घ्या.

छोट्या कार्डावर एक वर्ष काढा. त्या वर्षात प्रत्येक तिकीट २बीमध्ये दिसले, एकही बिल मागे राहिले नाही आणि परराज्यातली हॉटेले तुम्ही खरोखर पोर्टलवरून काढलीत, तर पुढच्या एप्रिलमध्ये १०,००० फीचे कार्ड मागा आणि पहिल्या वर्षाची फी माफ करून मागा. तुमची वर्षभराची उलाढाल समोर असली की बँक बरेचदा तेवढे करते. तो बँकेचा माणूस भला असेल, पण त्याच्याकडे तुमची टॅली नाही. गेल्या वर्षीची विमानतिकिटे आणि मार्चपर्यंतची २बी घेऊन आधी तुमच्या हिशेबनिसासोबत बसा. ३० नोव्हेंबरच्या आत असाल तर यातले काही पैसे अजून परत मिळवता येतील.